सर्वसाधारण सभेला तिची जागा परत द्या

खानदेशातील नगरपरिषदांमध्ये लोकनियुक्त मंडळे परत आली आहेत. 2016 च्या अखेरीस निवडून आलेल्या बहुतेक मंडळांची मुदत 2021 संपता संपता किंवा त्यानंतरच्या काही आठवड्यांत संपली होती, आणि पुढच्या मतदानासाठी 2 डिसेंबर 2025 उजाडावा लागला. नगरपालिकेची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे, असे राज्यघटनेचा अनुच्छेद 243-यू सांगतो. तरीही इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाबाबत सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2021 मध्ये दिलेला निकाल, त्यानंतर बदलत गेलेली प्रभागरचना आणि लांबत गेलेल्या सुनावण्या यांत सुमारे चार वर्षे गेली. अखेर मे 2025 मध्ये न्यायालयानेच निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तेव्हा हालचाल सुरू झाली. जळगाव आणि धुळे या दोन महानगरपालिकांची मुदत 2023 मध्ये संपली होती. तेथील मतदान 15 जानेवारी 2026 रोजी झाले.

या चार वर्षांत लोकनियुक्त मंडळांच्या जागी शासनाने नेमलेले प्रशासक कारभार पाहत होते. त्या काळात एक मत गावोगावी रुजले आहे आणि ते चांगल्या, विचारी माणसांच्या तोंडूनही ऐकू येते: प्रशासक होता तेव्हा निदान भांडणे नव्हती, फाईल अडत नव्हती, कामे होत होती. हे मत गांभीर्याने घेतले पाहिजे, कारण ते वैतागातून आलेले आहे आणि वैतागाला कारण आहे. मात्र त्यातून निघणारा निष्कर्ष, म्हणजे निवडून आलेल्या सभागृहावाचून शहराचे फारसे काही बिघडत नाही हा, मला घातक वाटतो. आपले सभागृह वाईट चालत होते, एवढेच त्या वैतागातून सिद्ध होते. ते नीट कसे चालवायचे हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर मोठ्या सुधारणांपेक्षा सर्वसाधारण सभेच्या अगदी साध्या कामकाजात आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी प्रशासक काळाविषयी. बऱ्याच नगरपरिषदांत मुख्याधिकारीच प्रशासक होते, काही ठिकाणी प्रांताधिकारी. जेथे मुख्याधिकाऱ्याकडेच प्रशासकपद होते तेथे कागद कसा फिरत होता ते पाहण्यासारखे आहे. विभागाकडून आलेली प्रस्तावाची टिपणी मुख्याधिकारी म्हणून त्यांनीच पुढे पाठवायची, प्रशासक म्हणून त्यांनीच ती समोर घेऊन मंजूर करायची, त्याला प्रशासकीय ठराव क्रमांक पडायचा, मग मुख्याधिकारी म्हणून त्यांनीच कार्यारंभ आदेश काढायचा आणि काम झाल्यावर देयकावर सहीही त्यांचीच. यात त्या अधिकाऱ्यांचा दोष काढण्याचा माझा हेतू नाही. त्यांतील अनेकांनी मनापासून काम केले. पण प्रस्ताव ठेवणारा, तो तपासणारा, मंजूर करणारा आणि राबवणारा माणूस एकच असेल, तर चूक लक्षात आणून देणारे व्यवस्थेत कोणी उरत नाही. हा रस्ता आधी का आणि तो नंतर का, असे विचारायला नागरिकाने कोणाकडे जायचे? अधिकाऱ्याची बदली झाली की उत्तरही त्याच्याबरोबर जाते.

आता दुसरी बाजू. लोकनियुक्त मंडळ असतानाही निर्णय सभेत होत होते का? कोणत्याही नगरपरिषदेचे जुने इतिवृत्त उघडून पाहावे. विषय क्रमांक, खाली विषयाचा दोन ओळींचा मथळा, आणि त्याखाली ठरलेले वाक्य: 'सदर विषयावर सभागृहात सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजुरी देण्यात येत आहे.' सूचक अमुक, अनुमोदक तमुक. ती सविस्तर चर्चा काय झाली, कोणी कोणती हरकत घेतली, दर जास्त आहे असे कोणी म्हटले का, यांतले काहीही त्या पानावर नसते. तीस-चाळीस विषयांची विषयपत्रिका अर्ध्या तासात संपते. विषय वाचायचा, समोरून 'मंजूर, मंजूर' असा आवाज यायचा आणि पुढचा विषय घ्यायचा. ज्या विषयांवर खरोखर बोलण्यासारखे असते ते बहुधा 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' या शेवटच्या शीर्षकाखाली येतात, म्हणजे ज्यांचा कागद आधी कोणी पाहिलेलाच नसतो असे. आदल्या रात्री गटनेत्यांची बैठक होते आणि जे ठरायचे ते तेथेच ठरते. सभेत उरते ती सही.

कायदा याहून बराच चांगला आहे. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965 प्रमाणे एका सर्वसाधारण सभेनंतर पुढची सभा दोन महिन्यांच्या आत घ्यावी लागते, तिची नोटीस पूर्ण सात दिवस आधी द्यावी लागते आणि सभा जनतेला खुली असते. ही शेवटची गोष्ट आपल्याकडे फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. नगरपालिकेच्या सभागृहात मागच्या बाकावर जाऊन बसायला ओळख लागत नाही, चिठ्ठी लागत नाही. पण प्रेक्षक म्हणून गेलेल्या नागरिकाला 'भाऊ, तुमचं काय काम आहे?' असे दारातच विचारले जाते आणि तो ओशाळून परत फिरतो. सात दिवसांच्या नोटिशीचेही तसेच. ती नगरसेवकाच्या घरी पोचते, पण तिच्याबरोबर टिपणी नसते, अंदाजपत्रक नसते, नकाशा नसतो. 'प्रभाग क्र. 6 मधील विविध विकासकामांना मंजुरी देणे' एवढ्या मथळ्यावरून नवख्या सदस्याने मत तरी कशाच्या आधारावर बनवायचे? राखीव जागेवरून प्रथमच निवडून आलेल्या महिला सदस्याला तर हा कागद मुद्दाम न कळावा असाच लिहिलेला असतो, आणि मग तिच्या जागी तिचे यजमान किंवा दीर सभेबाहेर 'ठरवून' घेतात. त्या सदस्या बोलत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी त्यांच्या हातात टिपणी दिली का ते सांगावे.

टिपणीला मी एवढे महत्त्व का देतो, ते पाण्याच्या उदाहरणावरून सांगतो, कारण खानदेशातील शहरांचा पहिला प्रश्न तोच आहे. तापीच्या काठावर असूनही भुसावळच्या नळाला रोज पाणी येत नाही. गिरणा धरणाच्या आवर्तनावर नजर ठेवून चाळीसगाव, भडगाव आणि पाचोरा यांचा उन्हाळा जातो. अमळनेरला तापीतून पाणी उचलावे लागते आणि पाडळसरे येथील निम्न तापी प्रकल्पाची वाट तालुक्याने एक पिढीभर पाहिली आहे. अशा शहरासमोर नव्या पाणीपुरवठा योजनेचा विषय येतो तेव्हा मथळ्यात फक्त कोटींचा आकडा असतो. खरे प्रश्न त्याच्या आत असतात. स्रोतात शहरासाठी किती पाणी आरक्षित आहे आणि अवर्षणाच्या वर्षी त्यातले किती हाती येईल? योजनेतला नगरपरिषदेचा हिस्सा किती आणि तो कोठून भरणार? पंपघराचे वीजबिल दरमहा किती येईल, आणि आजच्या पाणीपट्टीच्या वसुलीतून ते भरता येईल का? बांधकामाला अनुदान मिळते, चालवायला मिळत नाही; त्यामुळे पुरेशा हिशेबाविना मंजूर झालेली योजना काही वर्षांतच थकबाकीच्या ओझ्याखाली येते, महावितरणची नोटीस येते आणि पाण्याचे दिवस लांबतात. शेवटी जलकुंभाची जागा. गावठाणातल्या उंचवट्यावर बांधायचा की कॉलनी भागात, यावर पुढची तीस वर्षे कोणाच्या नळाला दाब राहील हे ठरते. असा विषय 'मंजूर, मंजूर'च्या आवाजात संपला, तर त्यावर नंतर कितीही मोर्चे आणि हंडे निघाले तरी जलकुंभ आपली जागा बदलत नाही.

कॉलनी भागाचा उल्लेख केला म्हणून थोडे थांबतो. जळगाव, अमळनेर, चोपडा, शहादा, शिरपूर, कोणतेही शहर घ्या. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ते शेतजमिनी बिनशेती होत होत वाढले. काळ्या मातीतले हे ले-आउट पावसाळ्यात पायी चालण्याजोगे राहत नाहीत. घरपट्टी मात्र नियमित येते. या वस्त्यांकडे सार्वजनिक मालकीची एकच मोठी गोष्ट असते, ती म्हणजे ले-आउटमध्ये सोडलेली खुली जागा, जिला सगळे 'ओपन स्पेस' म्हणतात. ती संस्थेला भाड्याने द्यायची, तिच्यावर सभामंडप बांधायचा की झाडे लावून मुलांसाठी ठेवायची, हा निर्णय सभेतल्या एका ठरावाने होतो, आणि ज्यांच्या घरांसमोर ती जागा आहे त्यांना तो भूमिपूजनाच्या फलकावरून कळतो. येथे ना मंत्रालयाचा अडथळा असतो, ना निधीचा. लोकांना आधी विचारावे एवढाच प्रश्न असतो, आणि तेवढेच होत नाही.

नदीचेही तसेच. 2021 च्या ऑगस्ट अखेरीस तितूर आणि डोंगरी या नद्यांना आलेला पूर चाळीसगावच्या बाजारपेठेत शिरला, तेव्हा पात्र किती अरुंद झाले आहे हे सगळ्यांना एकदम दिसले. शहरातली पात्रे एका रात्रीत अरुंद होत नाहीत. एखाद्या नाल्यावरचा स्लॅब, एखादे वाढलेले दुकान, पात्रालगतची एखादी परवानगी, दुर्लक्ष केलेली एखादी नोटीस अशी ती पुष्कळ वर्षे अरुंद होत असतात. यातली प्रत्येक गोष्ट कधीतरी कोणत्यातरी टेबलावर आलेली असते. ती नावानिशी नोंदली गेली असती, तर पुढच्या वेळी हात वर करणाऱ्याने दोनदा विचार केला असता.

हात वर करण्याची किंमत काय असते हे जळगावने सर्वांत जवळून पाहिले आहे. पूर्वीच्या नगरपालिकेच्या घरकुल योजनेतील गैरव्यवहाराच्या प्रकरणात धुळ्याच्या विशेष न्यायालयाने 31 ऑगस्ट 2019 रोजी 48 जणांना दोषी ठरवले, आणि त्यांत माजी नगरसेवकांची संख्या मोठी होती. त्या निकालाची चर्चा जिल्ह्यात मुख्यतः राजकीय अंगाने झाली. माझ्या मते प्रत्येक नव्या नगरसेवकाने त्यातून काढायचा अर्थ वेगळा आहे: ठरावावरची संमती ही पक्षाच्या आदेशाची औपचारिकता राहत नाही, ती त्या व्यक्तीची कृती ठरते. मग ज्या टिपणीचे पानही उलटलेले नाही तिला संमती देण्याचा धोका सदस्याने का पत्करावा? नावानिशी मतनोंदणीची मागणी नागरिकांच्या हिताची आहेच, पण तिची जास्त गरज प्रामाणिक नगरसेवकाला आहे. आपण विरोध केला होता, हे दहा वर्षांनी सिद्ध करण्याचे दुसरे साधन त्याच्याकडे नसते.

न घेतलेल्या निर्णयाचीही किंमत असते. जळगावच्या व्यापारी संकुलांतील पालिकेच्या गाळ्यांची मुदत 2012 मध्ये संपली आणि त्यानंतर तो विषय वर्षानुवर्षे सभागृह, न्यायालय आणि शासन यांच्यात फिरत राहिला. भाडे कोणत्या दराने, लिलाव की नूतनीकरण, यावर गाळेधारकांचीही बाजू आहे आणि करदात्यांचीही. पण जो प्रश्न उघड सभेत दोन्ही बाजू ऐकून सुटायला हवा होता तो टोलवत राहिल्याने दुकानदाराला स्थैर्य मिळाले नाही आणि पालिकेला उत्पन्नही नाही.

येथे एक जाणकार आक्षेप घेतला जातो. खरी सत्ता नगरपरिषदेत उरलीच नाही. निधी आमदार आणि पालकमंत्री आणतात, मंजुरी मंत्रालयातून येते, सभेने काय ठरवायचे? या आक्षेपात तथ्य आहे. 1999 मध्ये नगरपरिषदांची जकात गेली आणि त्यांचे हाताशी असलेले मोठे उत्पन्न गेले. तेव्हापासून शहरे अनुदानावर चालतात. नगरोत्थान, अमृत, वैशिष्ट्यपूर्ण कामे, दलित वस्ती सुधारणा, वित्त आयोग अशा प्रत्येक पैशाला खर्चाचे आपले ठरलेले शीर्ष असते; पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातील 60 टक्के भाग तर पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेला होता. 74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत 18 विषय लिहिले, पण त्यांच्या जोडीला पैसा आणि माणसे दिली नाहीत. नगराध्यक्षाच्या पदाची तर राज्याने परवडच केली: 2001 मध्ये थेट निवडणूक, 2006 मध्ये पुन्हा नगरसेवकांतून, 2016 मध्ये पुन्हा थेट, 2020 मध्ये पुन्हा नगरसेवकांतून आणि 2022 मध्ये परत थेट. सत्ता बदलली की पद्धत बदलते, आणि थेट निवडून आलेला नगराध्यक्ष एका गटाचा व बहुमत दुसऱ्या गटाचे असले की शहराची पाच वर्षे त्या ओढाताणीत जातात. हे सगळे मान्य आहे. तरीही घरपट्टीची चतुर्वार्षिक फेरआकारणी, पाणीपट्टीचा दर, कचरा उचलण्याचा मक्ता, खुल्या जागा, बाजाराची आणि फेरीवाल्यांची जागा, गाळे आणि वर्षाचे अंदाजपत्रक हे विषय आजही शहराच्या सभेसमोर येतात. नागरिकाच्या रोजच्या जगण्याला हेच विषय लागून आहेत. जे हातात आहे ते नीट न चालवता जास्त अधिकार मागितले, तर देणाऱ्याला नाही म्हणायला आयते कारण मिळते.

दुसरा आक्षेप असा की सभा उघड केली, तिचे चित्रीकरण केले, की नगरसेवक कॅमेऱ्यासाठी बोलू लागतील आणि सभेचा तमाशा होईल. काही सभांत तसे होईलही. पण आज बंद दाराआड जे चालते ते शांत असले तरी ते विचारविनिमय नव्हे. शिवाय लोकांसमोर बोलायचे म्हणून का होईना, सदस्य टिपणी वाचून येतील. विधिमंडळाचे कामकाज लोक घरबसल्या पाहतात. मग आपल्या गल्लीतल्या गटारीवर होणारी चर्चा पाहण्यात काय गैर आहे?

ज्या ठिकाणी सभागृहात विरोधकच नाही तेथे तर याची गरज आणखी वाढते. या वेळी दोंडाईच्यात नगराध्यक्षासह सगळे सदस्य बिनविरोध निवडून आले, जामनेरला नगराध्यक्षपद बिनविरोध झाले. कायद्याने त्यात वावगे काही नाही. परंतु ज्या सभागृहात प्रश्न विचारणारा बाकच रिकामा आहे तेथे प्रश्न नागरिकांनीच विचारायचे असतात, आणि त्यासाठी कागद त्यांच्यापर्यंत पोचावा लागतो. स्वीकृत, म्हणजे निवडणुकीविना सभागृहात घेतल्या जाणाऱ्या, सदस्यांची तरतूद याच कामी येऊ शकली असती. अनुभवी अभियंता, डॉक्टर, निवृत्त मुख्याध्यापक, लेखापाल अशा जाणत्या माणसांना मतदानाचा अधिकार नसला तरी सभेत बोलता यावे, हा तिचा हेतू. प्रत्यक्षात ती जागा निवडणुकीत पडलेल्यांचे किंवा तिकीट न मिळालेल्यांचे समाधान करण्यासाठी वापरली जाते आणि सर्व पक्ष त्यात सारखेच सामील आहेत.

गावाचे शहर होताना आपण काय गमावतो, याचाही विचार खानदेशात व्हायला हवा. बोदवड, मुक्ताईनगर, शेंदुर्णी, साक्री, शिंदखेडा ही गावे गेल्या काही वर्षांत ग्रामपंचायतीच्या नगरपंचायती झाली. ग्रामपंचायत असताना तेथे वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे बंधनकारक होते. त्या नीट होत नसतील, कोरमअभावी तहकूब होत असतील, तरी मतदार म्हणून उभे राहून सरपंचाला जाब विचारण्याचा हक्क प्रत्येकाला होता. नगरपंचायत झाल्याबरोबर तो हक्क गेला आणि त्याच्या जागी काही आले नाही. महानगरपालिकांच्या कायद्यात क्षेत्रसभेची, म्हणजे एका भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद झालेली आहे, पण जळगाव किंवा धुळ्यात क्षेत्रसभा हा शब्द किती मतदारांनी ऐकला असेल याची मला शंका आहे.

सर्वांत गंभीर उदाहरण सातपुड्यातल्या धडगावचे आहे. धडगाव ज्यात आहे तो अक्राणी तालुका पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे आदिवासींसाठी घटनेनुसार ठरवलेल्या खास क्षेत्रात, येतो. 1996 च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रातील ग्रामसभेला जमीन, गौण वनोपज आणि स्थानिक बाजार यांबाबत विशेष अधिकार दिले. नगरपालिकांविषयीचा घटनेचा भाग मात्र अनुच्छेद 243-झेडसी प्रमाणे अनुसूचित क्षेत्राला आपोआप लागू होत नाही. तो संसदेने कायदा करून लागू करायचा असतो, आणि असा कायदा आजवर झालेला नाही. 2001 मध्ये संसदेत मांडलेले विधेयक पुढे गेले नाही. तरीही धडगाव-वडफळ्या-रोषमाळ बुद्रुक ही नगरपंचायत अस्तित्वात आली आणि तिच्या हद्दीतल्या आदिवासी कुटुंबांची ग्रामसभा संपली. रस्ते-दिव्यांसाठी निधी मिळेल हा त्यामागचा युक्तिवाद मला समजतो. पण ज्या समाजाला निर्णयाचा हक्क द्यायला देशाला पन्नास वर्षे लागली, त्याचा तो हक्क शहरीकरणाच्या एका अधिसूचनेने जावा हे मला मान्य नाही. निदान तेथील नगरपंचायतीने तरी पाड्यापाड्यावर सभा घेऊन, भिलोरी-पावरी बोलणाऱ्यांना कळेल अशा भाषेत विषय समजावून, मगच ठराव करण्याचा प्रघात पाडावा. कायद्याने त्याला मनाई केलेली नाही.

नव्या मंडळांनी काय करावे, हे वरच्या विवेचनात आलेच आहे. फक्त ते ठरावाच्या रूपात आणायचे आहे. प्रत्येक विषयाची टिपणी, अंदाजपत्रक आणि असल्यास नकाशा नोटिशीबरोबरच सदस्यांना मिळावा आणि त्याच दिवशी तो नगरपरिषदेच्या संकेतस्थळावर व कार्यालयाबाहेरच्या फलकावर लागावा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 प्रमाणे बरीचशी माहिती स्वतःहून प्रसिद्ध करण्याचे बंधन 2005 पासून आहेच, त्यामुळे हे काही नवे उपकार नव्हेत. आर्थिक बोजा असलेला कोणताही विषय ऐनवेळी घेतला जाऊ नये. आपत्तीच्या प्रसंगी तातडीने काम करून घेण्यासाठी नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 58 (2) चा अधिकार नगराध्यक्षांकडे आहे आणि त्याचा वापर झाला तर कारणासह पुढच्या सभेत वाचून दाखवावा. मतदान नावानिशी नोंदवावे, विरोधाचे कारण एका वाक्यात का होईना इतिवृत्तात यावे, आणि इतिवृत्त पुढच्या सभेत कायम होण्याची वाट न पाहता पंधरा दिवसांत कच्च्या स्वरूपात प्रसिद्ध व्हावे. अंदाजपत्रकाच्या सभेपूर्वी प्रभागनिहाय एक बैठक व्हावी, ज्यात नगरसेवक बोलण्याऐवजी ऐकतील.

यासाठी वेगळा निधी लागत नाही. कर्मचारी कमी आहेत ही अडचण खरी आहे. बहुतेक नगरपरिषदांत सभा लिपिकाकडे आणखी दोन टेबले असतात. पण टिपणी आज तयार होतेच, फक्त ती फाईलमध्ये राहते. तिची प्रत काढून लावणे एवढेच काम वाढते. कोणताही सदस्य हा ठराव मांडू शकतो, त्याला सूचक आणि अनुमोदक असे दोघे पुरतात. पुढची सर्वसाधारण सभा कायद्याप्रमाणे दोन महिन्यांच्या आत घ्यावीच लागणार आहे, आणि तिच्या विषयपत्रिकेत पहिला विषय म्हणून तो घालण्यासाठी मंत्रालयात खेटे घालण्याची गरज नाही.